दहा बांध्यांवरून मंडळाचे धान : नमुना, झुकाव आणि खरा फरक



दसरा-दिवाळीच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यात हलके धान कापणीला येते आणि त्याच सुमारास महसूल, कृषि व जिल्हा परिषद या तीन विभागांचे कर्मचारी दोरी, टेप, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन बांध्यांत उतरतात. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली. तिच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे महसूल मंडळ हे विमा क्षेत्र असेल तर एका पिकासाठी किमान १० प्रयोग घ्यावयाचे असतात. या दहा ठिकाणच्या वजनावरून साऱ्या मंडळाचे सरासरी उत्पादन निघते आणि त्यावर हजारो खातेदारांची भरपाई अवलंबून राहते. खरीप २०२५ मध्ये तर आपल्या राज्यात भरपाईचा आधार कापणी प्रयोगावरील उत्पादन हाच ठेवण्यात आला होता.

याबाबत गावोगाव दोन तक्रारी ऐकू येतात. पहिली म्हणजे, दहा बांध्यांवरून मंडळातल्या एवढ्या गावांचे धान कसे कळणार? दुसरी म्हणजे, यांनी नेमकी चांगलीच बांधी निवडली. बोलताना या दोन्ही तक्रारी आपण एका दमात करतो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी दुखणी आहेत व त्यांचे औषधही वेगळे आहे. पहिले दुखणे चढउताराचे, तर दुसरे झुकावाचे. झुकावाला पाठ्यपुस्तकात अभिनती असा शब्द आहे. वजनकाट्याचे उदाहरण घेतले तर हे लवकर ध्यानात येते. काट्याची सुई हलत असेल तर चार वेळा वजन करून सरासरी काढावी, खरे वजन मिळते. पण काटाच अर्धा किलो जास्त दाखवीत असेल तर चारशे वेळा वजन केले तरी अर्धा किलोची चूक तशीच राहते.

झुकाव खिशाला किती लागतो

विम्याची भरपाई उंबरठा उत्पादन आणि प्रत्यक्ष उत्पादन यांच्या फरकावर ठरते. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने गुणले की उंबरठा उत्पादन मिळते. समजा, उंबरठा हेक्टरी २००० किलो आहे, विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे आणि मंडळाचे खरे उत्पादन १६०० किलो आले. तूट ४०० किलोची, म्हणजे २० टक्के. भरपाई हेक्टरी १०,००० रुपये. आता प्रयोगांत फक्त १० टक्क्यांचा वरचा झुकाव आला असे धरा. उत्पादन १७६० किलो दिसेल, तूट १२ टक्के राहील आणि भरपाई ६,००० रुपयांवर येईल. दहा टक्क्यांच्या झुकावाने भरपाईचा चाळीस टक्के भाग गेला. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, हिशोब मात्र असाच चालतो.

शीत आणि भात

शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो. ती परीक्षा खरी ठरते, कारण भांड्यातले पाणी सगळीकडे सारखेच उकळत असते. मंडळातले धान तसे एकसारखे नसते. तलावाच्या पाळीखालच्या बांधीला शेवटपर्यंत ओल मिळते, तर नहराच्या शेपटीकडच्या बांधीला ऐन लोंबी निसवताना पाण्याची वाट पाहावी लागते. कोठे सिहार, कोठे मोरांड, कोठे कन्हार जमीन. कोणाची रोवणी जुलैत आटोपते, तर कोणाचे परे पावसाअभावी पंचेचाळीस दिवसांचे होऊन जाते. गादमाशी आणि तुडतुडाही सगळीकडे सारखे येत नाहीत. अशा भांड्यातले शीत उचलताना ते कोणत्या कोपऱ्यातून उचलले याला फार महत्त्व येते.

झुकाव येण्यासाठी कोणाची नियत वाईट असावी लागत नाही. सडकेला लागून असलेली बांधी जायला सोयीची असते, आणि सडकेजवळच्या बांधीची निगाही सहसा चांगली असते. ओळखीचा शेतकरी लवकर हो म्हणतो, आणि जो शेतकरी कर्मचाऱ्यांच्या ओळखीचा असतो तो बहुधा मेळाव्याला येणारा, खताची मात्रा वेळेवर देणारा असतो. बांधीत उतरल्यावर पाय आपोआप लोळलेल्या धानाकडून उभ्या धानाकडे जातात. प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे, पण सगळे एकाच दिशेने. आपल्या बाजूनेही हेच घडते, हे मान्य केले पाहिजे. विम्याचा प्रयोग आहे म्हटल्यावर सगळ्यात पडलेली बांधी दाखवण्याकडे आपला कल असतो. तोही झुकावच. नजरअंदाज पैसेवारीची अडचण हीच आहे. नजर सडकेवरून जाते, आणि तिला समोरचे दिसते.

यावर उपाय एकच, निवड माणसाच्या हातातून काढून घेणे. म्हणून गाव, गट क्रमांक आणि बांधीतील जागा ही तिन्ही यादृच्छिक अंकांवरून, म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरतात. त्या गट क्रमांकात धान नसेल तरच पुढचा क्रमांक घ्यावयाचा. बांधीच्या नैऋत्य कोपऱ्यापासून अंकांनी सांगितली तेवढी पावले लांबीकडे व तेवढी रुंदीकडे चालायचे, आणि तेथे खुंटी ठोकायची. जागा विरळ निघाली, धान लोळलेले निघाले, तरी खुंटी हलवायची नाही. ‘येथे काही नाही, जरा तिकडे घेऊ’ हे वाक्य सगळा प्रयोग वाया घालवते. जागा हलवल्याने आपला फायदा होत असेल तरीसुद्धा.

सुखात्मे आणि पानसे यांनी काय शिकवले

पिकाचा अंदाज चिठ्ठीवर सोपवावा हे पूर्वी कोणाला पटत नव्हते. इंग्रजी अमदानीत नजरेने आणेवारी लावून उत्पादन काढले जाई. १९४० च्या दशकात दोन मराठी माणसांनी ही पद्धत बदलण्याचे मोठे काम केले. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. डॉ. विनायक गोविंद पानसे यांचे काम मुख्यतः कपाशीवरचे, त्यात मध्य प्रांत-वऱ्हाडातील कपाशीच्या नमुना पाहणीचाही समावेश होता. १९५४ साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केलेले त्या दोघांचे कृषि संख्याशास्त्रावरील पुस्तक कृषि महाविद्यालयांतून अनेक पिढ्यांनी अभ्यासले.

सुखात्मे यांनी १९४६-४७ मध्ये मांडलेला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. कापणीचा चौकोन जितका लहान, तितके उत्पादन फुगून दिसते. कारण अगदी साधे आहे. २० सेंटिमीटर अंतरावर रोवलेल्या धानात १ मीटरच्या चौकोनात पाच ओळी बसतात. काठावरची ओळ आत धरायची की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात भरलेल्या लोंबीकडे वळतो आणि सहावी ओळ आत येते. झाले, वीस टक्के वाढले. ५ मीटरच्या चौकोनात पंचवीस ओळी असतात. तेथे सव्विसावी ओळ आली तरी वाढ चार टक्केच. चूक तीच, पण मोठ्या चौकोनात ती पसरून पातळ होते. देशातील बहुतेक राज्यांत ५ बाय ५ मीटरच्या आसपासचा चौकोन का वापरतात, ते यावरून कळेल. दोरी ताणलेली असावी आणि कोपरे काटकोनात असावेत, हा आग्रहही त्यासाठीच.

झुकावाचे आणखी एक लपलेले ठिकाण म्हणजे ओलावा. कापल्याबरोबर झोडलेल्या धानात २० टक्के ओलावा असेल तर १०० किलोत कोरडा ऐवज ८० किलोच असतो. तेच धान १४ टक्क्यांपर्यंत वाळले की ९३ किलो भरते. वाळवून पुन्हा वजन केले नाही किंवा ओलाव्याची वजावट धरली नाही, तर सात किलो हवेत राहतात. पावसाळी दिवाळी असेल त्या वर्षी कडपा ओल्या राहतात आणि हा झुकाव वाढतो.

तेवीस लाख मते आणि तरीही चूक

नमुना मोठा घेतला की झुकाव जातो, हा समज फार पक्का आहे. निवडणुकीच्या अंदाजांनी तो दोनदा-चारदा नव्हे, अनेकदा खोटा पाडला आहे. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतदारांना पत्रे धाडली. सुमारे तेवीस लाख उत्तरे परत आली. त्यांवरून साप्ताहिकाने लँडन निवडून येतील असे छापले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारगाडी असणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या काळात या वस्तू खाऊनपिऊन सुखी घरांतच होत्या. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी चिडलेल्या माणसाने जास्त घेतली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी सुमारे पन्नास हजारांच्या नमुन्यावरून रूझवेल्ट यांचे नाव बरोबर सांगितले होते.

आपल्याकडे जून २०२४ मध्ये लोकसभेच्या मतदानोत्तर चाचण्यांत तेच दिसले. बहुतेक संस्थांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा सांगितल्या, आल्या २९३. त्यांतील एका संस्थेने पाच लाखांहून अधिक मतदारांना विचारल्याचे सांगितले होते. संख्या काही कमी नव्हती.

हे शेतीपासून दूरचे वाटेल, पण बियाण्याच्या मेळाव्यात हेच घडते. ‘नवे वाण चांगले आहे ना? हात वर करा.’ दीडशेपैकी एकशेतीस हात वर जातात. ज्याचे धान त्या वाणाने फसले तो मेळाव्याला आलेलाच नसतो, आणि प्रश्नच असा विचारला की नाही म्हणणाऱ्याला सगळ्यांसमोर उभे राहावे लागते. त्यापेक्षा गावातल्या ज्यांनी ज्यांनी ते बियाणे घेतले त्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून दहा जण निवडावेत आणि घरी जाऊन ‘किती एकरांत किती पोती झाली’ एवढेच विचारावे. हे दहा जण त्या दीडशेंपेक्षा जास्त सांगतील.

दहा प्रयोगांची खरी ताकद

आता पहिल्या तक्रारीकडे येऊ. झुकाव मुळीच नाही असे धरले तरी दहा बांध्यांची सरासरी किती भरवशाची? समजा, हेक्टरी क्विंटलमध्ये असे दहा आकडे आले : १४, २२, १८, २६, ११, २०, २४, १६, १९, २०. सरासरी १९. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते पाहून प्रमाण विचलन काढले तर ते सुमारे साडेचार क्विंटल येते. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागले की सरासरीची प्रमाण त्रुटी मिळते, येथे सुमारे १.४. तिची साधारण दुप्पट दोन्हीकडे धरावी. म्हणजे मंडळाची खरी सरासरी १६ ते २२ च्या दरम्यान कोठेतरी असावी. कागदावर ‘१९’ असा एकच आकडा येतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन क्विंटलचे धुके आहे.

तेव्हा दहा प्रयोग थोडे आहेत ही तक्रार खोटी नाही. धुके निम्मे करायचे तर प्रयोग चौपट, म्हणजे चाळीस लागतील. कापणी तीन आठवड्यांत उरकते, माणसे ठरावीक, म्हणून हे सोपे नाही. धानासाठी उपग्रहाच्या आधारे काढलेल्या अंदाजालाही काही वाटा देण्याची पद्धत २०२३ पासून आली ती याच कारणाने. मात्र एक गोष्ट पुष्कळांना पटत नाही, ती सांगितलीच पाहिजे. धुके किती, हे मंडळात एकूण किती बांध्या आहेत यावर अवलंबून नसते. ते नमुन्यात किती बांध्या घेतल्या आणि त्यांच्यात आपसांत किती फरक आहे यावर ठरते. हजार मतदारांना चिठ्ठीने निवडून विचारले तर चूक साधारण तीन टक्क्यांच्या आत राहते, मग ते हजार गोंदिया जिल्ह्यातले असोत की साऱ्या महाराष्ट्रातले.

चढउतार एका वर्षी आपल्या विरुद्ध, तर दुसऱ्या वर्षी आपल्या बाजूने जातो. झुकाव दरवर्षी एकाच बाजूला ओढतो. म्हणून दोहोंपैकी आधी कोणाशी भांडायचे असे कोणी मला विचारले, तर मी झुकाव म्हणेन.

दोन क्विंटल जास्त, पण खरेच का?

बियाण्याच्या दुकानावरील फलकावर ‘एकरी दोन क्विंटल जादा’ असे लिहिलेले असते. फलक खोटा असेलच असे नाही. कोण्या एका बांधीत तसे झालेही असेल. पण एकच वाण, एकाच दिवशी, शेजारशेजारच्या दोन बांध्यांत रोवून पाहा. दोन्हींचे वजन सारखे भरणार नाही. कधी दीड क्विंटलचाही फरक निघेल. वाण तेच असताना जमीन जेवढा फरक दाखवते, त्यापेक्षा नव्या वाणाचा फरक स्पष्टपणे मोठा असेल तरच तो लक्षणीय किंवा सार्थ म्हणायचा.

एक उदाहरण पाहू. पाच बांध्या घेतल्या, प्रत्येकीच्या अर्ध्या भागात नवे व अर्ध्या भागात जुने वाण लावले. एका गावात नव्याचे जुन्यापेक्षा एकरी जास्त-कमी असे आले : ३ जास्त, १ कमी, २ जास्त, ४ जास्त, २ कमी. सरासरी १.२ क्विंटल जास्त. दुसऱ्या गावात १, दीड, १, अर्धा आणि २, सगळे जास्त. सरासरी तीच, १.२ क्विंटल. फलकावर दोन्ही गावांचा मजकूर सारखाच येईल. पहिल्या गावात मात्र काहीच सिद्ध झाले नाही, फरक जमिनीच्या चढउतारात बुडाला. दुसऱ्या गावात पाचही वेळा नवे वाण पुढे राहिले. वाणांत फरक नसता तर हे नाणेफेकीसारखे झाले असते, आणि नाणे पाच वेळा उडवून पाचही वेळा छाप पडण्याची शक्यता ३२ मध्ये १ असते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात २० मध्ये १ ही सोयीची मर्यादा धरली आणि पुढे तोच पायंडा पडला. आपले दुसरे गाव त्या मर्यादेच्या आत बसते. चारच बांध्या असत्या तर शक्यता १६ मध्ये १ राहिली असती व पुरावा अपुरा पडला असता. म्हणून पाचांहून कमी बांध्यांवर ही परीक्षा घेऊ नये.

विद्यापीठाच्या शिफारशींच्या तक्त्याखाली ‘क्रांतिक फरक’ अशी एक ओळ असते. पुष्कळ वाचक ती सोडून देतात, खरे तर आधी तीच पाहावी. समजा, तीन वाणांचे उत्पादन हेक्टरी ३८, ४१ आणि ४२ क्विंटल आहे व क्रांतिक फरक ३.२ आहे. ३८ आणि ४२ मधला फरक ४, म्हणजे ४२ चे वाण खरोखर सरस. ४१ आणि ४२ मध्ये निवड करायची तर उत्पादन विसरावे आणि कालावधी, गादमाशीला दाद देणे न देणे, तांदळाची प्रत व भाव पाहावा. ३८ आणि ४१ बाबत एवढेच म्हणता येते की या प्रयोगातून निर्णय लागला नाही. ते दोन्ही सारखे आहेत असे मात्र सिद्ध झालेले नसते.

उलट, लक्षणीय म्हणजे मोठा असाही अर्थ नव्हे. खूप बांध्यांवर प्रयोग केला तर एकरी वीस किलोचा फरकही लक्षणीय ठरू शकतो. बियाण्याची पिशवी त्याहून महाग पडत असेल तर तो फरक आपल्या उपयोगाचा नाही.

टॉनिकवाल्यांविषयी एक शब्द. ज्यात काहीच दम नाही अशी वीस द्रावणे वीस ठिकाणी तपासली, तरी त्यांतले एखादे नुसत्या योगायोगाने लक्षणीय निघण्याचा संभव असतो, कारण मर्यादाच २० मध्ये १ आहे. पत्रक छापले जाते त्या एकाचे. बाकीच्या एकोणीसांचे काय झाले, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा. तोच प्रयोग दुसऱ्या हंगामात, दुसऱ्या जमिनीवर पुन्हा तसाच आला की मग पैसे खर्च करावेत.

या हंगामात काय करता येईल

आपल्या गावात कापणी प्रयोग असेल त्या दिवशी हजर राहावे. प्रयोग गावकऱ्यांसमोर घ्यावयाचा असतो. गट क्रमांक यादीप्रमाणेच आहे का, पावले नैऋत्य कोपऱ्यापासून मोजली का, खुंटी हलवली का, काठावरच्या ओळीचे काय केले, काटा रिकामा असताना शून्यावर होता का आणि वाळलेले वजन कधी घेणार, एवढे पाहावे. हरकत असेल तर त्याच वेळी, सही करण्यापूर्वी, लिहून द्यावी. वजन नोंदल्यानंतर आठवड्याने केलेल्या तक्रारीला आधार उरत नाही. आपल्यालाही जागा बदलून मागता येणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

नवे वाण घरी तपासायचे असेल तर पाच बांध्या निवडाव्यात, सगळ्या पाळीखालच्या नकोत, दोन वरच्या अंगाच्याही घ्याव्यात. प्रत्येकीचे दोन भाग करावेत आणि कोणत्या भागात नवे वाण लावायचे ते नाणे उडवून ठरवावे. नवीन बियाण्याला चांगला भाग देण्याचा मोह हमखास होतो, म्हणून नाणे. परे एकाच दिवशी टाकलेले, रोवणी एकाच दिवशी, खत-पाणी सारखे. कापणीच्या वेळी धुऱ्यालगतच्या दोन-तीन ओळी सोडाव्यात, कारण तेथील धानाला उजेड आणि हवा जास्त मिळून त्या भरतात. प्रत्येक भागाच्या मधोमध ५ बाय ५ मीटर कापून, झोडून, चार दिवस वाळवून वजन घ्यावे. दोन्ही वाणे वेगवेगळ्या दिवशी तयार होत असतील तर दोन्हींना तेवढेच ऊन मिळू द्यावे. दहाही आकडे वहीत लिहून ठेवावेत, कमी आलेलेसुद्धा. हिवरा येथील कृषि विज्ञान केंद्रात ती वही घेऊन आलात तर क्रांतिक फरक काढणे अर्ध्या तासाचे काम आहे.